गाडी डावीकडे ओढते तेव्हा

जुन्या गाडीचा मालक गॅरेजमध्ये येतो आणि सांगतो, "ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते." पोऱ्या लगेच डाव्या चाकाखाली जॅक लावतो. ड्रम उतरतो, शू निघतात, लायनरवर पॉलिश पेपर फिरतो, ॲडजस्टर दोन दात मागे घेतला जातो आणि गाडी एक फेरी मारून येते. ओढणं थांबलेलं असतं. मालक खूश, पोऱ्याही खूश. प्रत्यक्षात मात्र नीट काम करणाऱ्या एका चाकाला बिघडलेल्या चाकाच्या रांगेत नेऊन बसवलेलं असतं. गाडी डावीकडे ओढते, तेव्हा बहुतेक वेळा डावं चाक आपलं काम इमानाने करत असतं आणि उजवं अंग चोरत असतं. आता दोन्ही चाकं सारखीच अंग चोरतात, म्हणून गाडी सरळ जाते. थांबायला तिला आधीपेक्षा किती जास्त जागा लागते, हे मात्र कुणी मोजलेलं नसतं.

हे पुस्तक त्या न उघडलेल्या उजव्या चाकाबद्दल आहे.

यातल्या गाड्या एबीएसच्या आधीच्या. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत एबीएस सक्तीचं झालं. त्याआधीच्या पद्मिनी, अँबॅसडर, जुन्या मारुती ८०० किंवा जिप्सीत कुठलं चाक लॉक होतंय यावर नजर ठेवणारं कुणी नाही. कुठल्या चाकाने किती ब्रेक लावायचा, हे कारखान्यात एकदाच ठरलं. ड्रमचा व्यास, व्हील सिलिंडरचा बोअर, लायनरची जात, मागच्या लाइनमधला एखादा व्हॉल्व्ह, या सगळ्यांतून ते ठरवलेलं असतं. त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत ज्याने ज्याने ब्रेकला हात लावला, त्याने ते थोडंथोडं बदललं. बदलतोय हे त्याला ठाऊक नव्हतं, एवढंच.

समतोल दोन प्रकारचा. एक पुढच्या आणि मागच्या चाकांमधला, दुसरा डाव्या-उजव्यातला. दुसरा स्टेअरिंगवर लगेच कळतो, म्हणून त्याची तक्रार येते. पहिल्याची तक्रार सहसा येत नाही. तो पावसाळ्यात, ओल्या उतारावर, एकदाच कळतो.

पहिल्याचा साधा हिशेब मांडून पाहू. मारुती ८००च्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २१७५ मिलिमीटर. माणसांसकट गाडी ७५० किलोंची धरा, त्यातले ४५० किलो पुढच्या चाकांवर, ३०० मागच्या. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच माना. कोरड्या डांबरावर कचकचून ब्रेक मारला आणि गुरुत्वाच्या ७० टक्के इतकं मंदन मिळालं, तर सुमारे १२० किलोंचा भार मागून पुढे सरकतो. पुढे ५७०, मागे १८०. मागच्या दोन चाकांवर त्या क्षणी गाडीच्या वजनाचा चौथा हिस्साही उरत नाही. मागचे ब्रेक पुढच्यांइतकेच जोरकस असतील, तर ती चाकं फिरायची थांबतात आणि घसरायला लागतात. घसरणाऱ्या चाकाला आडवी पकड उरत नाही. पुढची चाकं घसरली तर स्टेअरिंग ऐकत नाही, पण गाडी निदान समोर तोंड करून जाते. मागची आधी घसरली तर गाडीचं बूड पुढे यायला बघतं आणि मग सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून पुढची चाकं आधी लॉक व्हावीत, मागची नंतर, हा जगभरच्या ब्रेकरचनेचा पाया.

ही समजूत यायलाही वेळ लागला. मोटारीच्या सुरुवातीच्या काळात बहुतेक गाड्यांना ब्रेक मागच्याच चाकांना असत. पुढच्या चाकांना ब्रेक लावला तर गाडी कोलांटी खाईल, अशी भीती होती. १९२०च्या दशकात ब्रिटनमध्ये चारही चाकांना ब्रेक असलेल्या गाड्यांच्या पाठीवर लाल त्रिकोण लावत. ही गाडी झटकन थांबते, मागच्याने अंतर ठेवावं, असा त्याचा अर्थ. तेव्हाचे ब्रेक दांड्यांवर आणि केबलींवर चालत. समतोल राखायचा म्हणजे चार दांड्यांची लांबी जुळवायची, आणि एखादी केबल ताणली गेली की पुन्हा सगळं पहिल्यापासून. १९२१च्या ड्यूझेनबर्ग मॉडेल ए या अमेरिकन गाडीत चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले. पास्कलच्या नियमाने बंद नळीतला दाब सगळीकडे सारखाच, तेव्हा समतोलाचा प्रश्न कायमचा सुटला असं कुणालाही वाटावं. पण दाब सारखा असला म्हणजे ब्रेकही सारखा लागतो असं नाही. दाब चाकापाशी पोचल्यावर किती मोठ्या पिस्टनवर पडतो, शू ड्रमला किती टेकतो, लायनर कोरडं आहे की तेलकट, हे सगळं त्यापुढचं. जुन्या गाडीचा सगळा गोंधळ या शेवटच्या वीतभर अंतरातला आहे.

पद्मिनीचंच घ्या. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी, मुळात फियाट ११००. चारही चाकांना ड्रम. ड्रमच्या आतले दोन शू एकसारखे दिसतात, पण एकसारखं काम करत नाहीत. चाकाच्या फिरण्याच्या दिशेने जो शू ड्रमवर टेकतो तो लीडिंग शू. दाराच्या फटीत सारलेल्या पाचरीसारखा तो ड्रमच्या फिरण्यानेच आणखी आत ओढला जातो आणि स्वतःचा जोर स्वतःच वाढवतो. दुसरा, म्हणजे ट्रेलिंग शू, ड्रम त्याला बाहेर ढकलत असल्यामुळे निम्म्या जोराने काम करतो. लीडिंग शूची ही करामत बूस्टर नसलेल्या गाडीला फार उपयोगाची, पण तिची किंमत मोजावी लागते. लायनरच्या पकडीत डाव्या-उजव्या बाजूला थोडा जरी फरक पडला, तरी लीडिंग शू तोही वाढवून दाखवतो. डिस्कमध्ये पकड दहा टक्के कमी झाली की ब्रेक साधारण दहा टक्केच कमी होतो. ड्रममध्ये तो बराच जास्त कमी होतो. जुन्या गाड्या 'ओढतात' त्यामागचं मोठं कारण हे आहे. रचना सदोष नाही, तिला फरक खपत नाही. आणि आपली बहुतेक दुरुस्ती फरक निर्माण करणारी असते.

उदाहरण मागच्या ॲक्सलचं. पद्मिनी आणि अँबॅसडरच्या मागच्या ॲक्सलमधलं गिअर ऑइल सील फाटलं की ड्रममध्ये उतरतं. एका बाजूचं लायनर भिजतं. ते पेट्रोलने धुऊन, वर थोडी ज्योत फिरवून परत बसवायची रीत अजून चालू आहे. धुतलेलं लायनर हाताला कोरडं लागतं. घाट उतरताना ड्रम तापला की आतलं तेल घामासारखं पुन्हा वर येतं. जरा शहाणा मेस्त्री त्या बाजूचे शू नवे घालतो. तेही अर्धवटच, कारण दुसऱ्या बाजूला वीस हजार किलोमीटर चाललेलं, वेगळ्या कंपनीचं, वेगळ्या जातीचं लायनर तसंच असतं. शू जोडीने बदलायचे, व्हील सिलिंडर जोडीने, ड्रम लेथवर लावायचा तोही जोडीनेच, हे या पुस्तकात इतक्या वेळा आलंय की वाचकाला कंटाळा येईल. यावा.

व्हील सिलिंडरचं तर बोलायलाच नको. दुकानदार दोन सिलिंडर काउंटरवर ठेवतो. बाहेरून जुळे भाऊ. एकाचा बोअर सहा सूत, दुसऱ्याचा सात सूत. "बसतंय ना? मग झालं." बसतं खरंच. पण पिस्टनचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. सात सुताच्या पिस्टनवर त्याच दाबाला ३६ टक्के जास्त जोर येतो. असा एक सिलिंडर एका बाजूला गेला तर गाडी ओढते आणि चूक पकडली तरी जाते. दोन्ही मागच्या चाकांना गेले तर गाडी सरळ थांबते, पॅडलही छान लागतं, मालक मेस्त्रीला दुवा देतो, आणि मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक होणारी गाडी रस्त्यावर येते. जुना सिलिंडर काढल्यावर त्याच्यावरचा आकडा वाचावा. नसेल तर व्हर्नियर लावावा. जुना बोअर खड्डे पडून गेला असेल आणि तसाच नवा मिळत नसेल, तर स्लीव्ह टाकून मूळ मापावर आणता येतो, त्याचं वेगळं प्रकरण पुढे आहे. होन मारून मारून बोअर मोठा करत राहणं हा उपाय नव्हे. रबर किट नवं असलं तरी सैल बोअरमध्ये ते फार दिवस धरत नाही.

भाग मिळणं हा आता वेगळाच विषय झालाय. मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनीचे भाग इतकी वर्षं मिळत राहिले ते काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे. टॅक्सी रोज चालायची, रोज झिजायची, म्हणून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि पुण्याच्या नाना पेठेत कुणीतरी तिचे शू-सिलिंडर ठेवायचा. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेने ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या सगळ्याच रस्त्यावरून गेल्या. हळहळ बरीच झाली. आता गाडी उरली ती हौशी मालकाकडे, तीही रविवारी चालणारी. भाग येतात ते जुन्या साठ्यातले. पाकीट सीलबंद, छपाई झकास, पण आतलं रबर पंचवीस वर्षांचं. वॉशरची कड दोन बोटांत हलकेच दुमडून पाहावी. बारीक भेगा दिसल्या तर पाकीट तिथेच परत करावं. न वापरलेलं रबर म्हणजे ताजं रबर असं दुकानदाराला वाटत असेल, तुम्हाला वाटू नये.

होज पाइपबद्दल थोडं सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण त्याने भल्याभल्यांना फसवलंय. चेसिसपासून चाकापर्यंत जाणारा हा रबरी तुकडा बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून सुजून त्याचं भोक सुईएवढं होतं. पायाचा जोर मोठा, म्हणून ऑइल चाकाकडे कसंबसं जातं. परतीला जोर फक्त स्प्रिंगचा, म्हणून ते येत नाही. ब्रेक सोडल्यावरही चाक धरून राहतं, तापतं, आणि मेस्त्री कॅलिपर किंवा सिलिंडर बदलतो. जाम झालेल्या चाकाचा निपल थोडा सैल करून पाहावा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर दाब मागे अडकलाय. झालं नाही तर दोष चाकातच आहे, पिस्टन किंवा शू अडकलाय. दाब अडकलेला असेल तर निपल बंद करून पुन्हा ब्रेक मारावा आणि या वेळी होजच्या आधीचं, लोखंडी नळीकडचं जोड सैल करावं. चाक सुटलं तर होज सुटला, मास्टर सिलिंडर बघायचा. नाही सुटलं तर होज कापून त्याचं भोक मालकाला दाखवावं. पैसे देताना मग तो कुरकुरत नाही.

मागच्या लाइनमधल्या व्हॉल्व्हचं प्रकरण या पुस्तकातलं सर्वांत लांबलेलं आहे. ठरावीक दाबापर्यंत तो मागच्या चाकांना पुढच्यांइतकाच दाब देतो, त्यानंतर हात आखडता घेतो. जिप्सीसारख्या गाडीत तो दांडीने आणि स्प्रिंगने मागच्या ॲक्सलला जोडलेला असतो. गाडीत माल भरला, मागचा भाग बसला की दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागे जास्त दाब सोडतो. अक्कलहुशारीची रचना आहे, पण चिखलात लोंबकळणारी. गंजून दांडी एका जागी धरली की गाडी कायम रिकामी आहे किंवा कायम भरलेली आहे अशा समजुतीत ब्रेक लागतात. हौशी मंडळी जिप्सीचं सस्पेन्शन उंच करतात. बॉडी ॲक्सलपासून दूर गेली, दांडी जुळवली नाही, की व्हॉल्व्हच्या मते गाडी नेहमीच रिकामी. मागे पाच जण बसले तरी मागचे ब्रेक अर्धेच. याच्या उलट, "हा व्हॉल्व्हच नको" म्हणून त्याच्या जागी टी-जॉइंट टाकणारेही भेटतात. कोरड्यात त्यांचं कौतुक होतं. अशा व्हॉल्व्हच्या गाडीची एअर काढताना चाकं जमिनीवर असावीत, नाहीतर ॲक्सल लोंबकळतो, व्हॉल्व्ह दाब रोखून धरतो आणि मागची एअर निघता निघत नाही.

व्हॉल्व्ह तपासायला दोन प्रेशर गेज पुरतात, एक पुढच्या निपलच्या जागी, एक मागच्या. कुणीतरी पॅडल सावकाश दाबायचं. सुरुवातीला दोन्ही काटे बरोबर चढतात, मग एका आकड्यापाशी मागचा रेंगाळू लागतो. तो आकडा मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहायचा. दोन्ही काटे शेवटपर्यंत हातात हात घालून गेले तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. मागचा हललाच नाही तर बंद. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि ते करणारं गॅरेज शोधायला दिवस जातो.

पुढे डिस्क बसवून घेण्याची लाट जुन्या गाड्यांत आली आहे. मी तिच्या विरुद्ध नाही, पण तिच्याबद्दल उत्साहीही नाही. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा बारीक व्हॉल्व्ह असतो, सुमारे १० पीएसआयचा; शूच्या स्प्रिंगांपुढे तो काहीच नाही. डिस्कला ओढून मागे घेणारी स्प्रिंग नसते, त्यामुळे तोच दाब पॅड चिकटवून ठेवतो. कॅलिपरला ऑइलही जास्त लागतं, जुना मास्टर सिलिंडर पुरा पडत नाही. हे सगळं निस्तरलं तरी पुढचा-मागचा समतोल नव्याने मांडावाच लागतो, आणि तो न मोजता केलेली डिस्क ही फोटोपुरती. उत्तम जुळवलेले चार ड्रम शहरात आणि घाटात कुणालाही पुरतात, फक्त ब्रेक ऑइल ताजं हवं. डॉट ३ ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, हवेतलं पाणी शोषून ३.७ टक्क्यांवर गेलं की १४० अंशांना. खंडाळ्याचा घाट उतरताना एखादं चाक हा फरक सहज भरून काढतं, आणि ऑइल उकळलं की पॅडल जमिनीला टेकतं.

आता चाचणी. या विषयावरच्या लिखाणात ती शेवटच्या पानावर 'गाडी चालवून पाहा' एवढ्यात उरकलेली असते, म्हणून इथे तिला पुस्तकाचा तिसरा हिस्सा दिलाय. रोलर टेस्टरवर प्रत्येक चाक दोन रोलरांत बसतं, मोटर रोलर सावकाश फिरवते आणि ब्रेक लावल्यावर प्रत्येक चाकाचा विरोध वेगवेगळा मोजला जातो. डावीकडे १५०, उजवीकडे १०० किलो आले, तर मोठ्याच्या तुलनेत फरक ३३ टक्के. ब्रिटनच्या वार्षिक एमओटी तपासणीत एका ॲक्सलवरचा फरक ३० टक्क्यांवर गेला की गाडी नापास. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला जाते. २०२१च्या नियमांनंतर यंत्रावर तपासणी करणारी स्वयंचलित केंद्रंही सुरू होत आहेत. तिथला कागद 'पास' एवढंच बघून घडी घालू नये. चारही चाकांचे आकडे मागून घ्यावेत. पुढच्या दुरुस्तीला तेच उपयोगी पडतात.

रोलर मिळाला नाही म्हणून हातावर हात धरून बसायचं कारण नाही. नेहमीसारखी काही किलोमीटर गाडी चालवून चारही ड्रमांचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्यावं. एका ॲक्सलच्या दोन बाजूंत मोठी तफावत असेल तर गार बाजू आधी उघडावी. गरम बाजूचं चाक हाताने मोकळं फिरत नसेल तरच उलट. ड्रम काढल्यावर लायनरकडे उजेडात तिरकं पाहावं. लेथवर वाढलेल्या ड्रममध्ये नवा शू फक्त मधोमध टेकतो. मध्ये बोटभर चकचकीत पट्टा, दोन्ही टोकांना कारखान्यातली खरखर तशीच, असं दिसलं तर तो ब्रेक अजून बसलेलाच नाही, त्यावर निकाल द्यायची घाई करू नये. जुन्या लायनरची भुकटी मात्र हवेच्या पाइपने उडवू नये. तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसून फडकं टाकून द्यावं.

रस्त्यावरची चाचणी सपाट, कोरड्या, रिकाम्या जागेवर, ताशी ४० किलोमीटरला. आधी टायरमधली हवा सारखी करून घ्यावी. ओढणाऱ्या गाड्यांचा एक गठ्ठा तिथेच निकालात निघतो. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो आणि रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे निरोगी गाडीही थोडी डावीकडे कलते. म्हणून एकदा जाताना, एकदा येताना, आणि शक्य तर रस्त्याच्या मधून. कुणीतरी बाहेर उभं राहून कुठलं चाक आधी थांबतं ते पाहावं. आत बसलेल्याला ते कधीच नीट कळत नाही. गुरुत्वाच्या निम्मं मंदन मिळालं तर ४०च्या वेगातली गाडी साडेबारा मीटरच्या आसपास थांबते, ७० टक्के मिळालं तर नऊ मीटरमध्ये. मंदन मोजायला पूर्वी टॅप्ले मीटर नावाचं लंबकाचं यंत्र काचेमागे ठेवत. आज खिशातल्या फोनमधला सेन्सर तेच काम करतो, फोन डॅशबोर्डवर घट्ट बसवला तर.

हे पुस्तक मालकासाठी आहे की मेस्त्रीसाठी, असं हस्तलिखित वाचणाऱ्यांनी विचारलं. ज्याने कधी चाक उतरवलेलं नाही, त्याने ब्रेकपासून सुरुवात करू नये. त्याने पुस्तक वाचावं, काम मेस्त्रीकडून करून घ्यावं, शेजारी उभं राहावं आणि शंका विचाराव्यात. ज्याच्या हाताला सवय आहे, त्याच्याकडे जॅकबरोबर दोन भक्कम स्टँड हवेत, न उचललेल्या चाकांना लाकडी ठोकळे हवेत आणि पॅडल दाबायला सांगितलेलं ऐकणारा एक माणूस हवा. प्रत्येक चाकाची मापं लिहायचा तक्ता शेवटी दिला आहे. त्याच्या झेरॉक्स काढून त्याच वापराव्यात आणि पुस्तक बॉनेटवर उघडं ठेवू नये. ब्रेक ऑइल रंग उतरवतं, कागदाचं तर विचारूच नका.